आप्पांची हिवाळी टायरं

आप्पांच्या घरात शिरताना चपला बाहेर काढाव्या लागत. टायरं मात्र आत होती. पलंगाखाली दोन, पायथ्याशी भिंतीला टेकून दोन आणि पाचवं, जादाचं, देव्हाऱ्याच्या खाली उभं. उन्हाळाभर आणि पावसाळाभर ही हिवाळी टायरं घरात राहत. दिवाळी आटोपली की ती बाहेर पडत आणि गाडीची रोजची टायरं त्यांच्या जागी आत येत. आप्पा एकटे राहत, त्यामुळे तक्रार करणारं कुणी नव्हतं. आम्ही भाडेकरू होतो, त्यामुळे आम्हीही केली नाही.

मी लिहिणारी मुलगी नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि कुणाविषयी असं चार पानं लिहावं हे मला अजून थोडं आगाऊपणाचं वाटतं. पण आप्पा गेल्या वर्षी सुरतेच्या गोडादऱ्यातली जागा विकून साक्रीकडे आपल्या गावी गेले. त्यांच्याविषयी चाळीत आता जे हसून सांगतात ते खरं असलं तरी अर्धंच आहे, म्हणून लिहिते.

सुरतेबाहेरच्या सचिन गावातल्या एका डाइंग मिलमध्ये त्यांनी बावीस वर्षं बॉयलर सांभाळला होता. तिथून निघताना मिळालेल्या पैशांतून त्यांनी गोडादऱ्यात पाच खोल्यांची ओळ बांधली आणि एक जुनी, नऊ माणसांची जीप घेतली. लग्नसराईत ते सुरतेहून खानदेशात वऱ्हाडं न्यायचे. आमच्याकडचे सगळेच लूमवर काम करणारे, गावाकडची लग्नं थंडीत, त्यामुळे हिवाळाभर गाडीला मागणी असायची. मागणी असायची आणि तरी लोक आप्पांना टाळायचे. कारण ते टायरांवरून भांडत.

सुरतेत थंडी म्हणजे पहाटे एक स्वेटर आणि दहा वाजता तो हातात. मग हिवाळ्याची वेगळी टायरं कशाला, हा प्रश्न प्रत्येक नवा माणूस विचारायचा आणि आप्पा प्रत्येकाला तेवढंच सविस्तर उत्तर द्यायचे. थंडी हवेत नसते, रस्त्यात असते, असं त्यांचं म्हणणं. दिवाळीनंतर साखर कारखाने सुरू होतात. ट्रॉल्यांतून उसाचं पाचट रस्त्यावर पडतं, शेतातला चिखल चाकांबरोबर डांबरावर येतो. त्यावर पहाटे दव पडतं. पावसाळ्यात रस्ता ओला आहे हे दिसतं तरी. हिवाळ्यात तो कोरडा दिसतो आणि नसतो. पावसाला लोक भितात, दवाला कुणी भीत नाही, हे त्यांचं ठरलेलं शेवटचं वाक्य.

टायर निवडायला ते पर्वत पाटिया नाक्यावरच्या एका दुकानात जात आणि सकाळची संध्याकाळ करत. आधी अंगठ्याचं नख रबरात दाबायचं आणि खूण किती वेळ टिकते ते बघायचं. कडक रबर थंडीत आणखी दगड होतं, म्हणून ते बाद. मग वास घ्यायचा. दुकानात पडून राहिलेल्या टायरला जुन्या खोडरबराचा वास येतो, असं ते सांगत. मोठमोठ्या ठोकळ्यांची नक्षी असलेली टायरं तरुण ड्रायव्हरांना फार आवडायची, गाडी पैलवानासारखी दिसते म्हणून. आप्पा ती हातानं बाजूला सारत. ती शेताला, म्हणायचे, डांबराला नाही. ओल्या डांबराला बारीक चिरा लागतात, पाण्याला पळून जायला वाट लागते. जुन्यावर रबर चढवलेलं टायर तर ते दुकानात शेजारी ठेवू देत नसत. आणि पाचही एकाच घरची हवीत. चार एका जातीची आणि पाचवं दुसरं असेल तर ते घेण्यापेक्षा ते घरी परत यायचे.

एकदा दुकानदार कंटाळून म्हणाला होता, "काका, आ टायर छे, लगन माटे छोकरी नथी."

आप्पा म्हणाले, "छोकरी नापसंत करायला मी आलो नसतो."

घरी आणल्यावर शेवटची परीक्षा. मिलमधून आणलेली बॉयलरची राख अंगणात पसरायची, तिच्यावर पाणी शिंपडायचं आणि टायर त्यावरून एकदा सरळ लोटायचं. राखेत उमटलेला ठसा ते उकिडवे बसून वाचत. आम्हा सगळ्यांना बोलावून दाखवत. मला तेव्हा त्यात काही दिसायचं नाही, पण मी मान हलवायची.

त्यांची कीर्ती इतकी पसरली की कापड मार्केटमधल्या एका व्यापाऱ्याचा मुलगा त्यांना शोधत आमच्या गल्लीत आला. त्यानं नवीन मोठी गाडी घेतली होती, उंच, चारही चाकांना जोर असलेली, आणि हिवाळ्यात बर्फ बघायला हिमाचलला निघाला होता. टायरं कुठली घालू, विचारायला आला होता. आप्पांनी आयुष्यात बर्फ फक्त गोळ्यावाल्याकडे पाहिला होता. त्यांनी तसं सांगितलं आणि चार दिवसांनी यायला सांगितलं. ते चार दिवस ते रोज फळबाजारात जाऊन सफरचंदाचे ट्रक घेऊन येणाऱ्या ड्रायव्हरांजवळ बसले. त्यांना चहा पाजला, त्यांच्या टायरांना नख लावून पाहिलं. मग त्या मुलाला सांगितलं: रुंद टायर बर्फावर तरंगतं, अरुंद घे. रबर मऊ घे. चाकाला गुंडाळायच्या साखळ्या गाडीत ठेव. आणि चारही चाकांना जोर आहे म्हणून गाडी चढेल, पण थांबेल ती टायरांवरच, तेव्हा सावकाश जा. अरुंद टायरांवर आपली गाडी काडी पैलवान दिसेल म्हणून तो मुलगा हिरमुसला. पण त्यानं ऐकलं असावं. जानेवारीत तो परत आला आणि एक जादा साखळी आप्पांना भेट देऊन गेला. ती आप्पांच्या आणि आमच्या दाराच्या मधल्या खिळ्यांवर टांगलेली असे. आई तिच्यावर पोतेरं वाळत घालायची.

चाळीत हसून सांगतात ती गोष्ट माझ्या मामाच्या लग्नाची. साक्रीला सकाळचा मुहूर्त होता. आम्ही जीपमधून अकरा जण निघालो होतो. नऊच बसतील म्हणून आप्पांनी आधी अर्धा तास वाद घातला होताच. कोंडाईबारीचा घाट लागण्याआधी त्यांनी एका चहाच्या टपरीसमोर गाडी उभी केली, खाली उतरले, डांबरावर तळहात टेकवला आणि रस्ता वाळल्याशिवाय घाट चढणार नाही असं जाहीर केलं. मामा मुंडावळ्या बांधून बसलेला. आमच्या डोळ्यांदेखत ट्रक गेले, दुसरी वऱ्हाडं गेली, एक म्हातारा सायकल ढकलत गेला. दर दहा मिनिटांनी आप्पा रस्त्याला हात लावून यायचे, डॉक्टर ताप बघतो तसे. मामाचा तिसरा चहा झाला. शेवटी ऊन झाडांतून खाली आलं तेव्हा आम्ही निघालो आणि मुहूर्त टळल्यावर पोचलो. गुरुजींनी दुपारचा दुसरा काढला. मुलीचे काका मांडवाच्या दारात उभे राहून म्हणाले, सुरतेहून बैलगाडीनं आलात का?

आप्पा शांतपणे म्हणाले, "बैलाच्या पायात नाल असते."

आमच्या पुढे गेलेल्यांतलं कुणी घसरलं नव्हतं. मला हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. घाटात एकही गाडी उलटलेली आम्हाला दिसली नाही. आप्पा बरोबर होते असं सिद्ध करणारं त्या दिवशी काहीच झालं नाही, आणि म्हणूनच ती गोष्ट इतकी वर्षं टिकली.

त्यांच्या या वेडामागे काहीतरी घडलेलं असणार, असं चाळीतल्या बायकांचं मत होतं. कुणी म्हणायचं भाऊ गेला गाडीखाली, कुणी म्हणायचं बायको. मी एकदा धीर करून विचारलं, कोण गेलं होतं म्हणून. आप्पा नटबोल्ट रॉकेलात धूत होते. वर न बघता म्हणाले, "कोनी मरनं नही. म्हनीसन तं."

कुणी मेलं नाही, म्हणूनच तर. मला वाटतं हे वाक्य मला त्या दिवशी कळलं नव्हतं.

आता माझं सांगते. मी विज्ञान शाखेला प्रवेश घेतला तेव्हा कॉलेज सकाळचं निघालं, सव्वासातचं, आणि ते होतं शहराच्या दुसऱ्या टोकाला. पर्वत पाटियापर्यंत चालत जाऊन बस धरायची म्हणजे सव्वासहाला घरातून निघायला हवं. पावसाळ्यात उजेड असायचा. दिवाळीनंतर सव्वासहाला काळोख आणि खाडीवरून येणारं धुकं. बाबांची रात्रपाळी सातला सुटायची, आईजवळ लहान दोघं. एका पहाटे दोन माणसं माझ्यामागून बराच वेळ चालत आली. काही बोलली नाहीत, पण मी घरी येऊन सांगितलं. सांगायला नको होतं असं नंतर वाटलं.

बाबांनी आवाज न चढवता ठरवलं: उजेड लवकर पडायला लागेपर्यंत सकाळचं कॉलेज बंद. त्यांना वाटत होतं दोन-अडीच महिन्यांचा प्रश्न आहे. पण माझी प्रॅक्टिकलं पहिल्या तासाला असायची आणि हजेरी कमी पडली की परीक्षेला बसू देत नसत. म्हणजे वर्ष जाणार. आणि आमच्या ओळखीत एकदा वर्ष गेलेली मुलगी पुन्हा कॉलेजात गेलेली मी पाहिली नव्हती. तिचं लग्न ठरायचं. मी हे बाबांना सांगितलं. ते म्हणाले, मग काय करू, सांग. त्यांना खरोखरच विचारायचं होतं. रिक्षा रोज परवडणार नव्हती. समोरच्या बाईंचा मुलगा सायकलवर सोडतो म्हणाला होता, तर बाबांनी नको म्हटलं. ते कुणाचं काही फुकट घेत नसत, कांदासुद्धा.

आमची आणि आप्पांची भिंत एकच होती आणि ती एका विटेची होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा पाळीवर निघत असताना आप्पा दारात आले. त्या वर्षी त्यांनी हिवाळी टायरांचा नवा संच घेतला होता. नवं टायर पहिले दोनशे किलोमीटर बेभरवशाचं असतं, त्याच्या अंगावर साच्याचं तेल असतं, ते झिजेपर्यंत वऱ्हाड बसवायचं नाही, हा त्यांचा नियम आम्हाला ठाऊक होता. दरवेळी ते मागच्या सीटवर वाळूचं पोतं ठेवून सचिनपर्यंत रिकामी गाडी फिरवत. या वेळी पोतं फाटलं आहे, ते म्हणाले. पहाटेच्या दवातच टायर कळतं. मागच्या डाव्या चाकावर वजन पाहिजे, चाळीस-पंचेचाळीस किलो.

"तुनी पोर माले वजनले दे," ते बाबांना म्हणाले.

बाबा गोंधळले. घरमालक उपकार करायला नव्हे, मागायला आला होता. नाही म्हणायला काही कारणच उरलं नव्हतं. त्यांनी फक्त विचारलं, गाडी जाणार कुठे. आप्पा म्हणाले, कुठंही, अकरा किलोमीटर जाऊन परत. कॉलेजकडे रस्ता बरा आहे.

अशी मी वजन झाले. पहिले दोन दिवस आई सोबत आली, लहान्याला घेऊन. मग आप्पांनी वजन जास्त होतं म्हणून तक्रार केली. मला मागच्या डाव्या चाकावरच बसावं लागे. शिवाय काम होतं. चाकाचा आवाज ऐकायचा आणि उतरताना सांगायचं. त्यांनी मला तीन आवाज शिकवले होते: भुंग्यासारखा एकसुरी, तो चांगला; फाडल्यासारखा, म्हणजे खाली पाचट; आणि आवाजच नाही, म्हणजे घसरण. मी ते मनावर घेतलं. एक शंभर पानी वही केली, तीत तारीख, किलोमीटरचा आकडा आणि आवाज लिहू लागले. मला वाटत होतं मी त्यांचं काम करते आहे, तेव्हा नीट करावं.

त्याच सुमारास आम्हाला घर्षण शिकवलं. घर्षण पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं, असं पुस्तकात होतं. मी गाडीत आप्पांना सांगितलं, जरा भीतभीतच, कारण त्यामुळे त्यांची रुंद-अरुंदाची सगळी मांडणी खोटी ठरत होती. त्यांनी नीट ऐकलं. मग विचारलं की हे कशावर पाहिलं. मी म्हटलं, लाकडाच्या ठोकळ्यावर. बराच वेळ गाडी चालवून झाल्यावर ते म्हणाले, "तो ठोकळा ओला होता का, ते विचार."

सरांना विचारायचं धाडस व्हायला मला दीड महिना लागला. सर म्हणाले, कोरडा.

नवव्या दिवशी वहीत आकडा आला एकशे अठ्ठ्याण्णव. दहाव्या दिवशी पहाटे मी गाडीजवळ उभी राहिले. न सांगता बसले असते तर चाललं असतं. पण बाबांनी मला दोनशे किलोमीटरांसाठी दिलं होतं. मी म्हटलं, आप्पा, आज दोनशे होतील.

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही. काच पुसत म्हणाले, "काल चाकं अदलाबदल केलीत. पुढची मागं, मागची पुढं. नव्या जागेची वळख व्हवाले दोनशे लागतस. शून्यापासून."

मी वाकून पाहिलं. प्रत्येक टायरच्या आतल्या बाजूला ते खडूनं खूण करत, कुठल्या जागेचं ते कळावं म्हणून. खुणा खरोखर बदललेल्या होत्या. हे मला फार महत्त्वाचं वाटलं आणि अजून वाटतं. ते खोटं बोलले नव्हते. त्यांनी आधी गाडी जॅकवर चढवून, साठी उलटलेल्या कमरेनं, चारही चाकं काढून बसवली होती आणि मग सांगितलं होतं.

पुढच्या दहा दिवसांनी पुन्हा तसंच. डावी उजवीकडे. मग तिरकी. मग पाचवं टायर गाडीवर आणि त्यातलं एक देव्हाऱ्याखाली. मी दरवेळी दोनशे झाल्याचं सांगायची आणि ते दरवेळी शून्य म्हणायचे. तो सगळा वेळ त्यांनी वऱ्हाडं दुसऱ्या गाडीवाल्यांकडे जाऊ दिली, कारण टायरांची ओळख व्हायची होती ना. लोक म्हणाले, म्हातारा आता पुरता गेला.

त्याच हिवाळ्यात एका दुपारी मी बसमधून पर्वत पाटियावर उतरले तेव्हा तो टायरवाला दिसला. मी सहज विचारल्यासारखं विचारलं की चाकांची अदलाबदल किती किलोमीटरांनी करतात. तो म्हणाला, पाच हजारांनी एकदा केली तरी पुष्कळ. मग हसून म्हणाला, काकानं नवीन काय काढलं?

त्यानंतर मला झोप नीट लागेना. बाबांनी वजन द्यायचं कबूल केलं होतं, उपकार घ्यायचं नाही. त्यांना हे टायरवाल्याकडून किंवा कुणाहीकडून कळलं असतं तर त्याच दिवशी सगळं थांबलं असतं, आणि प्रॅक्टिकलच्या परीक्षेला अजून पाच आठवडे होते. सांगावं तर वर्ष जातं, न सांगावं तर बाबांना फसवणं होतं. मी ठरवलं की परीक्षा झाल्यावर सांगायचं. हे ठरवणं काही सरळ नव्हतं, मला माहीत आहे.

बाबांच्या खात्यात, म्हणजे लूमच्या कारखान्यात, आठवड्यातून एक दिवस वीज बंद असल्यानं रजा असे. अशाच एका रजेच्या दिवशी कॉलेजात आमचे शेवटचे दोन तास रद्द झाले आणि मी नेहमीपेक्षा दोन तास आधी आले. गल्लीच्या वळणावरच थांबले. अंगणात जीप दगडांवर चढवलेली होती. चारही चाकं खाली आडवी पडली होती आणि त्यांच्यामध्ये बाबा बसले होते, बनियनवर, कोपरापर्यंत काळे. आप्पा पान्हा घेऊन गाडीखाली होते. फक्त पाय दिसत होते. हे काम बाबांना नवीन नव्हतं. ते न विचारता पुढचं चाक उचलत होते, नट ओळीनं मांडून ठेवत होते. आई ओट्यावर तांदूळ निवडत होती आणि तिकडे बघतही नव्हती, इतकं ते रोजचं होतं.

आप्पांनी खालून विचारलं, हे कुठलं.

बाबांनी खडूची खूण पाहिली. "मागलं डावं," ते म्हणाले. "तिनाखालनं शे, आप्पा. नीट आवळा." तिनाखालनं म्हणजे माझ्या खालचं.

मी मागे वळले. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापाशी जाऊन उभी राहिले. दुकानदारानं काय पाहिजे विचारलं, मी काही नको म्हटलं. त्यानं पुन्हा विचारलं तेव्हा एक काडेपेटी घेतली. दोन तासांनी घरी गेले तेव्हा जीप चार चाकांवर उभी होती, आप्पांचं दार लोटलेलं होतं आणि बाबा भिंतीकडे तोंड करून झोपले होते. हात स्वच्छ धुतलेले होते. नखांच्या कडा तेवढ्या काळ्या राहिल्या होत्या. आई म्हणाली, आज उशीर झाला का गं. मी म्हटलं, नाही, नेहमीचीच वेळ.

दुसऱ्या दिवशी पहाटे धुकं होतं. मी मागच्या डाव्या चाकावर जाऊन बसले. आप्पांनी गाडी सुरू केली आणि मी काही बोलायच्या आत म्हणाले, "शून्यापासून, माय."

मी वहीचं नवं पान काढलं आणि शून्य लिहिलं. गाडी हलत होती, त्यामुळे ते जरा मोठं आलं.